हृदयाच्या धमन्यांचा कॅल्शियम स्कोअर ६१२ आला. आता चालायचं की झोपून राहायचं?

रिपोर्टचं पाकीट घेऊन नागपूरच्या रामदासपेठेतून स्कूटरवर घरी आलो आणि आमच्याच बिल्डिंगचे दोन जिने चढायला घाबरलो. त्याच सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ न थांबता चढून आलो होतो. मधल्या सहा तासांत माझ्या हृदयाचं काही बिनसलं नव्हतं, मला एक आकडा तेवढा कळला होता.

वय ५४. छातीत कधी दुखलं नाही, दम लागला नाही. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी करायला सांगितली. पुढचे तीन आठवडे मी व्यायाम पूर्ण बंद ठेवला. मग एक दिवस स्वतःचाच राग आला आणि वॉर्मअप न करता अंबाझरी तलावाकडे पळत सुटलो. दोन्ही मूर्खपणाच होते. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्या आणि तपासण्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

१. आधी रिपोर्ट नीट वाचा

ही तपासणी म्हणजे इंजेक्शनशिवायचा सीटी स्कॅन. छातीला ईसीजीचे स्टिकर लावतात, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतात, दहा मिनिटांत तुम्ही बाहेर. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत जिथे कॅल्शियम साचलंय तिथे पांढरे ठिपके दिसतात. ठिपक्याचं क्षेत्रफळ आणि त्याच्या दाटपणाला दिलेला १ ते ४ मधला अंक यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज करतात. याला अ‍ॅगॅटस्टन स्कोअर म्हणतात. १९९० पासून ही पद्धत चालत आली आहे.

० म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही. १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० किंवा जास्त म्हणजे भरपूर. पण वयाप्रमाणे अर्थ बदलतो. पंच्याहत्तरीतल्या माणसाला १५० आला तर डॉक्टर फार दचकत नाहीत, चाळिशीतल्या माणसाचा ४० सुद्धा ते गांभीर्याने घेतात. म्हणून रिपोर्टवर ‘पर्सेंटाइल’, म्हणजे तुमच्या वयाच्या शंभर जणांत तुमचा नंबर कितवा, ते दिलं असेल तर तेही बघा. हे पर्सेंटाइल बहुतेक वेळा अमेरिकेतल्या ‘मेसा’ अभ्यासावरून काढतात, आणि त्यात आपल्याकडच्या वंशाची माणसं नव्हती. दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा अभ्यास तिकडे सुरू आहे, त्याचं नाव खरोखरच ‘मसाला’ आहे. झणझणीत सावजी रश्श्याच्या गावात राहून मला ते वाचून हसू आलं. त्या काळात हसू आलं ते तेवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ६१२ म्हणजे ६१ टक्के ब्लॉकेज नव्हे. माझ्या साळ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर असाच हिशोब करून अर्ध्या नातेवाईकांना कळवला होता. गीझरच्या कॉइलवर क्षार चढतो तसं हे नसतं. हे कॅल्शियम रक्त वाहतं त्या पोकळीत साचत नाही, ते भिंतीच्या आत असतं. चरबीचा थर जुना झाला, आतल्या आत जखम भरत गेली, की त्यावर खपली धरावी तसं ते धरतं. धमनी बाहेरच्या बाजूने फुगून जागा करून घेते, त्यामुळे स्कोअर मोठा असूनही रस्ता मोकळा असू शकतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा. जिथे खपली दिसते तिथे आसपास मऊ, ताजी चरबीही असण्याची शक्यता जास्त, आणि ती या स्कॅनमध्ये दिसत नाही. अटॅक पुष्कळदा अशा मऊ थराला चीर पडून येतो.

म्हणून आकडा मोठा आला की धोका खरोखरच जास्त. तो आज दुपारचा धोका नाही, पुढच्या दहा वर्षांचा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या हातात आहे.

२. फोनवरच्या घाईला हो म्हणू नका

रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी मला एका ठिकाणाहून फोन आला. “सर, स्कोअर खूप जास्त आहे. आजच भरती होऊन अँजिओग्राफी करून घ्या, पॅकेज सुरू आहे.” माझी सही घ्यायला माणूस घरी पाठवायचीही त्यांची तयारी होती. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. बायकोने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, “आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत जी, ते आले का सांगतो.” डॉक्टर कुठे गेले नव्हते, धंतोलीतच होते.

काही त्रास नसलेल्या माणसाची निव्वळ स्कोअरवरून थेट अँजिओग्राफी सहसा करत नाहीत. ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, ३७ देशांमधून, भारतातूनही. त्यांच्या हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं तपासणीत दिसलेलं होतं, तरीही स्थिर रुग्णांमध्ये सुरुवातीलाच स्टेंट-बायपास केल्याने चांगल्या औषधोपचारापेक्षा मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंटने कमी होतं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. आणि ज्याला नव्याने छातीत दुखायला लागलंय त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

३. डॉक्टरांकडे काय न्यायचं

हृदयरोगतज्ज्ञांकडे पहिल्या भेटीत दहा मिनिटं मिळतात. मी पहिल्यांदा नुसता एक कागद घेऊन गेलो आणि दहातली सात मिनिटं “ते घरी राहिलं” म्हणण्यात गेली. फाइल अशी लावा:

- स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट, सीडीसह. डावी मुख्य धमनी, तिच्या एलएडी आणि सरकमफ्लेक्स या दोन शाखा आणि उजवी धमनी यांचा स्कोअर वेगवेगळा लिहिलेला असतो, तो हवा. फुप्फुसाबद्दल खाली एखादी ओळ असेल तर तीही दाखवा, ती हमखास नजरेतून सुटते.
- लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनीन (किडनी), एसजीपीटी (लिव्हर), टीएसएच (थायरॉइड). थायरॉइड मंद असला तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने, स्नायूही जास्त दुखतात, म्हणून टीएसएच.
- लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण; तो जास्त असला की अटॅकचा धोका वाढतो. बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलेलं नसतं. आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं. माझं वाढलेलं निघालं आणि वडिलांचं कोडं थोडं सुटलं.
- आठवडाभराची बीपीची वही, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घेतलेली.
- घराण्याची चिठ्ठी: वडील-भावांना ५५ च्या आत किंवा आई-बहिणींना ६५ च्या आत काही झालं का.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि कॅल्शियमच्याही.
- किती चालता, कुठे दम लागतो, हे खरं खरं.

४. व्यायाम वाढवण्याआधी एकदा चाचणी

साधं सपाट चालणं बहुतेकांना लगेच सुरू करता येतं. पळणं, चढ, बॅडमिंटन, जिम यांच्यासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) करायला लावली.

टीएमटीचा पट्टा दर तीन मिनिटांनी वेगही वाढवतो आणि चढही. पहिला टप्पा इतका हळू की वाटतं, एवढंच? तिसऱ्या टप्प्यात सेमिनरी हिल्स आठवते. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे असतात. माझ्यासाठी ते १४१ होते. मी नऊ मिनिटं पूर्ण केली आणि समोरच्या बाईंना विचारलं, अजून करू का? त्या म्हणाल्या, “उतरा काका, मागे लाइन आहे.”

टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा खूश होऊन बाहेर आलो, तेव्हा डॉक्टरांनी जमिनीवर आणलं. टीएमटी चांगली आली म्हणजे रक्तपुरवठ्यात मोठी अडचण दिसली नाही, एवढंच. भिंतीतलं जे आहे ते आहेच, म्हणून गोळी लागणारच. कोणाची टीएमटी संशयास्पद आली तर स्ट्रेस इको किंवा दुसरी तपासणी सांगतात. स्कोअर फार मोठा असेल तर सीटी अँजिओमध्ये, म्हणजे इंजेक्शन देऊन काढलेल्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, कॅल्शियम पसरून दिसतं आणि अडथळा असतो त्यापेक्षा मोठा वाटू शकतो. ती सुचवली तर हा मुद्दा डॉक्टरांशी नक्की बोला.

५. गोळी

स्टॅटिनबद्दल कॉलनीच्या कट्ट्यावर जेवढं ऐकाल तेवढं कमी. माझं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १३८ होतं. रोज एक गोळी आणि आठ आठवड्यांनी ६४. माझ्यासारख्यांना निदान ७० च्या खाली, कित्येकदा त्याहूनही खाली आणायला सांगतात. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद करणं. तो रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो. दुसरा: मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करणं. शेजारी घेतो म्हणून आपण नाही घ्यायची, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कोणाला द्यायची ते डॉक्टर तोलून बघतात.

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड सारखे दुखायला लागले, काल काही विशेष केलंही नव्हतं, तर डॉक्टरांना फोन करा. लघवी गडद चहासारखी झाली तर थांबूच नका. आणि रक्ततपासणीच्या आदल्या दोन दिवसांत जोरदार व्यायाम करू नका, स्नायूंचे आणि लिव्हरचे आकडे उगाच वाढलेले दिसतात. मी रविवारी चढ-उतार करून सोमवारी रक्त दिलं होतं आणि मंगळवारी सगळं घर घाबरलं होतं.

६. चालायला लागा, पण असं

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाने, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या १५० पर्यंत पोहोचायचं कसं, ते मी असं केलं.

पहिले दोन आठवडे ट्रॅफिक पार्कच्या आसपासच्या सपाट रस्त्यांवर रोज १५ मिनिटं. लाज वाटत होती, कारण त्याच रस्त्यावर मी पूर्वी पळायचो. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली. ४० मिनिटं जमायला लागल्यावरच अंबाझरीच्या बांधाकडे आणि फुटाळ्याकडे वळलो. सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या महिन्यात, तोही टीएमटीनंतर.

वेग मोजायला घड्याळ लागत नाही. सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. ठोके कमी ठेवणारी गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकर, चालू असेल तर ‘२२० वजा वय’ वगैरे हिशोब लागूच पडत नाही, तेव्हा बोलण्याचीच कसोटी धरा.

सुरुवातीची दहा मिनिटं रमतगमत आणि शेवटची दहा मिनिटंही. ही दहा मिनिटं आपण सगळ्यात आधी वाचवतो. गेटवर गाडी लावली की सुसाट, आणि शेवटी एकदम बाकावर. अचानक थांबलं की रक्त पायांत राहतं आणि चक्कर येते. माझ्यासमोर एक गृहस्थ असेच बाकावर कलंडले होते. पाणी पिऊन पाच मिनिटांत उठले, पण आमच्या अख्ख्या गटाचा त्या दिवशीचा राउंड तिथेच संपला.

आठवड्यातून दोनदा हलके वजन. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात, १२ ते १५ वेळा सहज उचलता आलं पाहिजे. उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून, दात आवळून जोर लावला की बीपी एकदम चढतं. भरलेलं सिलिंडर एकट्याने हलवणं, बंद पडलेली कार ढकलणं, लग्नाच्या हॉलमधला सोफा उचलणं हे सगळं याच खात्यात जातं. जोरजोरात भस्त्रिका आणि लांब कुंभक याबद्दलही विचारून घ्या. साध्या अनुलोम-विलोमाला कोणी हरकत घेतलेली मी तरी पाहिली नाही.

बॅडमिंटनवर माझा डूख आहे. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि सात वाजता कोर्टवर उतरून पहिल्याच शॉटला झेप घ्यायची, ही आपल्या वयाची सगळ्यात वाईट सवय. खेळायचंच असेल तर आधी पंधरा मिनिटं अंग गरम करा, आणि मॅच हरायला शिका.

जे वर्षानुवर्षं मॅरेथॉन पळतात त्यांच्यातल्या काहींचा स्कोअर मोठा येतो, हेही संशोधनात दिसलंय. टेक्सासमधल्या कूपर सेंटरच्या २०१९ च्या अभ्यासात खूप व्यायाम करणाऱ्या पुरुषांमध्ये कॅल्शियम जास्त आढळलं, पण तेवढ्याच स्कोअरच्या कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा मृत्यू जास्त आढळले नाहीत. तेव्हा “पळूनच तर झालं तुला” म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगून पुढे चालायला लागा.

७. नागपूरचं हवामान

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा तर विचारूच नका. उन्हात तेवढ्याच चालण्याला ठोके जास्त पडतात. त्यात बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी असेल तर अंगातलं पाणी कमी होऊन बीपी खाली येतं. एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत मी सकाळी साडेपाचला निघतो आणि सातच्या आत घरात. उशीर झाला तर त्या दिवशी घरातल्या घरात, कूलरसमोर, जागेवर पावलं. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, आमच्या आईचं समाधान होतं, पण सोबत पाण्याची बाटलीही ठेवा. पन्ह्यात नि ताकात मीठ बेताचं.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. पहाटे आठ-दहा अंश असतात आणि थंडीने धमन्या आकसतात. तेव्हा उजाडून ऊन पडल्यावर निघा, तोंडावर मफलर, आणि सुरुवात आणखी हळू.

८. खर्रा, तर्री आणि दूध

खर्रा, म्हणजे आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण, बंद. यात तडजोड नाही. “सिगारेट तर ओढत नाही मी” असं म्हणत आमच्या ऑफिसातला एक जण पन्नीत खर्रा घोटत बसायचा, आणि मीही दिवसाला दोन चिमट्या त्याच्याच पन्नीतून घ्यायचो. डॉक्टरांनी “तंबाखू?” विचारल्यावर मी “नाही” म्हणालो होतो. बायको शेजारीच होती. तिने फक्त माझ्या दातांकडे पाहिलं. धूर नसला तरी निकोटीन तेच, ठोके आणि बीपी वाढवणारं. मला सुटायला चार महिने लागले, बडीशेप आणि लवंगेवर काढले.

तर्री पोह्यातले, म्हणजे तेलकट-तिखट रस्सा ओतलेले, पोहे बिचारे निरुपद्रवी. मी रविवारी एक प्लेट खातो, तर्री वरवर दोन चमचे आणि शेव नाही. ठेलेवाला दर वेळी “मग खाता काय्‌ले?” असं बघतो. सावजी दोन महिन्यांतून एकदा, वरचा तवंग बाजूला सारून.

आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात दूध-दही बंद झालं होतं, ‘कॅल्शियम वाढलं’ म्हणून. रिपोर्टमधलं कॅल्शियम ताटातून येत नाही. जेवणातलं दूध-ताक चालू ठेवा. कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर त्या लागतात का, हे विचारून घ्या. ‘कॅल्शियम विरघळवणारं’ सलाइन, म्हणजे चिलेशन, विकणारे भेटतील. मधुमेह असलेल्या आणि अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर झालेल्या टॅक्ट-२ या मोठ्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात फायदा दिसला नाही. पैसे वाचवा.

९. तिथल्या तिथे थांबायची खूण

चढाला लागलं की छातीत आवळतं आणि थांबलं की जातं, जबडा, डावा हात, खांदा किंवा बेंबीच्या वरचा भाग जड होतो, कालपर्यंत जमणाऱ्या अंतराला आज दम लागतो, गरगरतं. यातलं काही झालं की व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. बाकावर बसूनही दुखणं पाच-दहा मिनिटांत जात नसेल, घाम फुटला असेल, तर १०८. गाडी स्वतः चालवायची नाही. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसायचं नाही. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच घ्यायची, तीही बसून, कारण बीपी पडतं.

माझ्या ट्रॅक पँटच्या खिशात एक चिठ्ठी असते: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, बायकोचा नंबर. लॉक असलेला मोबाइल अशा वेळी कोणाच्या कामाचा नसतो.

१०. स्कोअर पुन्हा काढायला धावू नका

ही चूक मी केली. वर्षभर गोळी घेतली, सहा किलो उतरवले, आता ६१२ चे ४०० तरी झाले असतील म्हणून कोणाला न विचारता पुन्हा स्कॅन केला. ६७४. तो सगळा दिवस मी कोणाशी बोललो नाही.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून समजावलं. स्टॅटिनने मऊ चरबी आटते आणि घट्ट होते, त्यामुळे कॅल्शियम थोडं वाढलेलं दिसणं अपेक्षितच. स्कोअर खाली येत नसतो. बघायचं ते एलडीएल, बीपी, साखर, पोटाचा घेर आणि किती चालतोस ते. “यापुढे हा स्कॅन केलास तर माझ्याकडे आणू नको,” म्हणाले.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, सख्खा भाऊ आहे का? आहे, वय ४९, मानेवाड्याला राहतो. त्याला लिपिड आणि लिपोप्रोटीन-ए करायला पाठवलं, तर एलडीएल १६१ निघालं. आता रविवारी तो अंबाझरीला येतो आणि बांधाशी पोहोचण्याआधीच पोह्यांचं विचारतो.